उशीर कुणाला झाला?

साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची १४ वर्षं पत्रव्यवहाराच्या टेबलावर गेली. मुख्य कार्यालयाला, लेखापरीक्षकांना, विमा कंपन्यांना जाणारी इंग्रजी पत्रं मीच तयार करायची, त्यामुळे इंग्रजीत पत्र लिहायला माझा हात कधी अडला नाही. जून २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका रेल्वे कंपनीला लिहिलेलं माझं पत्र मात्र साफ नामंजूर होऊन आलं. ते का नामंजूर झालं हे कळायला आणि नीट लिहायला मला चार दिवस आणि तीन मसुदे लागले. आता आपल्यातले कितीतरी जण मुलांकडे परदेशी जाऊन राहतात. तिथे प्रवासात काहीतरी चुकतं आणि ते इंग्रजीत सांगायची वेळ येते. त्यांच्यासाठी हे सगळं तपशीलवार लिहिते आहे.

माझा मुलगा आणि सून केंब्रिजला असतात, आणि माझी मावसबहीण बरीच वर्षं यॉर्कला. मंगळवारी, ११ जूनला, मी आणि हे तिच्याकडे निघालो. केंब्रिजहून यॉर्कला जाताना पीटरबरोला गाडी बदलावी लागते. मुलाने आधीच 'अ‍ॅडव्हान्स' प्रकारची तिकिटं काढून ठेवली होती. ही स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर गाडी ठरलेली असते. त्याच गाडीने जायचं, आधीची नको, नंतरची नको. आपल्या चुकीने ती गाडी गेली तर तिकीट वाया, नवीन काढायचं. पण पहिलीच गाडी लेट झाली आणि त्यामुळे पुढची हुकली, तर त्याच तिकिटावर त्यानंतरच्या गाडीने जाता येतं. मुलाने निघताना हे सांगितलं होतं. आम्ही ऐकलं होतं, पण ऐनवेळी ते शब्द तोंडात यायला हवेत, ते आले नाहीत.

केंब्रिजहून ९.०१ ची गाडी वेळेवर सुटली. एली गावाचं भलंमोठं कॅथीड्रल सपाट रानावर लांबून दिसतं. त्या भागातले लोक त्याला जहाज म्हणतात, आणि खरंच तसं दिसतं ते. एली सोडलं आणि काळ्याभोर मातीच्या शेतांमध्ये गाडी थांबली. सिग्नलमध्ये बिघाड आहे, अशी घोषणा झाली. पीटरबरोला ९.५२ ला पोहोचणारी गाडी १०.१९ ला पोहोचली. यॉर्कची आमची गाडी १०.१४ ची होती. जिना चढून, पूल ओलांडून आम्ही दुसऱ्या फलाटावर गेलो तेव्हा तिथे शुकशुकाट होता.

फलाटावर केशरी जॅकेट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. मी तिकीट दाखवलं. त्यांनी भराभर काहीतरी सांगितलं, त्यातलं 'डॉनकॅस्टर' हे स्टेशनाचं नाव मला नीट कळलं आणि समोर येऊन थांबलेल्या गाडीकडे त्यांनी हात केला. आम्ही चढलो. गाडी सुटल्यावर डब्यातल्या पाटीवर अक्षरं सरकायला लागली, तर शेवटचं स्टेशन लीड्स! हे म्हणाले, "अगं, ही लीड्सला चाललीय. आपण चुकीच्या गाडीत बसलो." माझे हातपाय गार पडले.

तेवढ्यात टीसी आला. तरुण मुलगा, बोलायला नम्र. तिकिटं बघून म्हणाला, ही १०.१४ ची आहेत. मी म्हणाले, 'वी मिस्ड द ट्रेन.' त्याने विचारलं, 'यू मिस्ड योर ट्रेन?' मी घाईघाईने म्हणाले, 'येस, येस, वी वेअर लेट. सॉरी, राँग ट्रेन.'

त्याने शांतपणे दोन नवीन तिकिटं काढली. ऐनवेळच्या पूर्ण दराची, दोघांची मिळून दीडशे पौंडांच्या वर, म्हणजे आपले सोळा हजारांहून जास्त रुपये. ह्यांनी कार्ड पुढे केलं. त्या मुलाचा मला आजही राग नाही. मी जे सांगितलं त्यावरून त्याने नियमाप्रमाणेच केलं.

डॉनकॅस्टरला उतरून दुसरी गाडी घेतली आणि ११.२६ च्या ऐवजी १२.३१ ला यॉर्कला पोहोचलो. बहीण स्टेशनवर आली होती. तिच्यासाठी आणलेली पिशवी द्यायला मी हात पुढे केला, तर हातात पर्सशिवाय काहीच नाही. माझ्या जुन्या इरकलीची शिवलेली पिशवी, त्यात स्टीलच्या डब्यात कांदा-लसूण मसाला, आणि माझा वाचायचा चष्मा. पिशवी पहिल्याच गाडीत राहिली होती, आणि ती गाडी पुढे बर्मिंगहॅमला निघून गेली होती.

त्या रात्री बहिणीच्या संगणकावर मी पत्र लिहिलं. ते इथे जसंच्या तसं देते, कारण पुढचं सगळं त्यातल्या शब्दांवरच घडलं. 'ड्यू टू डिले वी मिस्ड आवर ट्रेन अँड बाय मिस्टेक वेंट इन राँग ट्रेन. वी वेअर चार्ज्ड एक्स्ट्रा. ऑल्सो वन ओल्ड सारी बॅग वॉज लेफ्ट इन द ट्रेन अँड माय स्पेक्टॅकल्स आर मिस्ड. काइंडली रिफंड द सेम अँड डू द नीडफुल.' केंब्रिजहून आणणारी गाडी एका कंपनीची होती आणि पीटरबरोच्या पुढची दुसऱ्या. ज्या कंपनीच्या टीसीने पैसे घेतले, त्याच कंपनीला पाठवलं.

सहा दिवसांनी उत्तर आलं. भाषा गोड, मजकूर कोरडा. तुमची गाडी हुकली याचं वाईट वाटतं. आमची १०.१४ ची गाडी वेळेवर सुटल्याचं नोंदींत दिसतं. उशीर झाल्याचं आणि चुकीच्या गाडीत चढल्याचं तुम्हीच आमच्या कर्मचाऱ्याला सांगितलं होतं. ठरलेल्या गाडीशिवाय तिकीट चालत नाही, त्यामुळे परतावा देता येत नाही. साड्यांच्या बॅगेबद्दल कळवायचं तर, ज्या गाडीत तुम्ही चढलाच नाहीत त्या गाडीत तुमचं सामान कसं राहिलं ते कृपया स्पष्ट करावं.

हे वाचून मला पहिल्यांदा अपमान वाटला. मी खरं तेच लिहिलं होतं, आणि त्यांनी मला खोटं ठरवलं असं वाटलं. आम्ही तोवर केंब्रिजला परतलो होतो. संध्याकाळी सून कामावरून आली. ती तिथे नर्स आहे. तिने माझं पत्र वाचलं, त्यांचं उत्तर वाचलं, परत माझं पत्र वाचलं आणि विचारलं,

"आई, उशीर कुणाला झाला होता?"

"अगं, आम्हाला. म्हणजे गाडीला. सिग्नल बिघडला होता ना."

"मग हे इथे कुठं लिहिलंय?"

मी पत्र पाहिलं. 'ड्यू टू डिले.' उशीर झाल्यामुळे. कुणाचा उशीर, ते खरोखरच नव्हतं. आम्ही घरून उशिरा निघालो असतो, चहा पीत बसलो असतो, तरी हेच वाक्य लिहिता आलं असतं. टीसीला तर मी त्याच्याही पुढे जाऊन 'वी वेअर लेट' म्हणाले होते. माझ्या मनात मराठी वाक्य होतं, 'आम्हाला उशीर झाला', आणि त्या वाक्यात माझ्या दृष्टीने काहीच चुकीचं नव्हतं. आम्हाला उशीर झालाच होता, गाडीमुळे. इंग्रजीत मात्र ते 'आम्ही उशिरा आलो' असं झालं, आणि दोष आमच्या पदरात पडला.

"आमच्याकडे वॉर्डात 'औषध दिलं गेलं' असं लिहिलेलं चालत नाही," सून म्हणाली. "कुणी दिलं, किती वाजता दिलं, किती दिलं. काही चुकलं असेल तर आधी तेच लिहायचं. वाचणारा तिथे नव्हता ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपली भाषा किती गोष्टी आपोआप घडू देते, याचा मी पहिल्यांदा विचार केला. उशीर होतो. गाडी चुकते. पिशवी राहते. चष्मा हरवतो. दूध उतू जातं, कप फुटतो. करणारा कुणी समोर येतच नाही, फार तर 'माझ्या हातून' एवढं. आणि घरात, गावात ते पुरतं, कारण ऐकणाऱ्याला बाकीचं ठाऊक असतं. सातारा स्टँडवर कुणाला 'पुण्याची गाडी चुकली' म्हटलं की तो 'अरेरे, आता पुढची कधी?' एवढंच विचारतो. त्यात दोष कुणाचा, हा प्रश्न येत नाही. तक्रारीच्या पत्रात नेमका तोच प्रश्न असतो. तिथे वाचणारा माणूस एवढ्यासाठीच बसलेला असतो, की पैसे कुणाच्या खात्यातून जायचे ते ठरवावं.

आणि हे मला नवीन असायला नको होतं. बँकेत नावे-जमाची चिठ्ठी करताना 'रक्कम गेली' असं कुणी लिहिलं असतं तर मी ती चिठ्ठी परत पाठवली असती. कुणाच्या नावे, कुणाच्या जमा, हे असल्याशिवाय आकडा पुढे सरकत नाही. तीच शिस्त मी माझ्या स्वतःच्या प्रवासाला लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुनेला सुट्टी होती. दोघी टेबलाशी बसलो आणि पत्रातला एकेक शब्द बाजूला काढला.

'मिस्ड' हा सर्वांत अवघड निघाला. आपल्या 'चुकणे'मध्ये दोन अर्थ आहेत: गाडी हुकणे आणि चूक होणे. 'चुकलेली गाडी' म्हटलं तर ती हुकलेलीही असू शकते आणि चुकीचीही. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या, म्हणून गाडी हुकल्याबरोबर मी चूक कबूल करायला लागले. इंग्रजीतल्या 'मिस'ला वेगळेच अर्थ आहेत: गाडी हुकणे, एखाद्याची आठवण येणे, वस्तू जागेवर नसणे. 'माय स्पेक्टॅकल्स आर मिस्ड' याचा जवळचा अर्थ 'चष्म्याची आठवण काढली जाते' असा होतो. हवा होता 'मिसिंग'. तोही पुरेसा नाही, कारण चष्मा कुठे आहे ते मला माहीत होतं. तो गाडीत होता. आणि तो तिथे ठेवणारी मी होते.

'आवर ट्रेन' म्हणजे कोणती? त्या दिवशी आमच्या वाट्याला चार गाड्या आल्या होत्या: केंब्रिजहून आणणारी, हुकलेली, लीड्सची, आणि डॉनकॅस्टरहून यॉर्कला नेणारी. मी सगळ्यांना 'द ट्रेन' म्हटलं होतं. म्हणून वाचणाऱ्याला वाटलं, की हुकलेल्या गाडीतच आमची बॅग राहिली. मी म्हटलं, पहिली गाडी, दुसरी गाडी असं लिहू. सून म्हणाली, "'फर्स्ट ट्रेन' म्हणजे दिवसातली पहिली गाडी असंही कुणाला वाटेल. वेळ आणि गाव लिहू या." तसंच केलं. केंब्रिजहून सुटलेली ९.०१ ची. पीटरबरोहून सुटलेली १०.३३ ची. मग 'ती', 'ही', 'तिच्यात' अशी सर्वनामं जवळजवळ गळूनच पडली. पत्र वाचायला थोडं खडबडीत झालं, पण कोणती गाडी हे विचारायची गरज राहिली नाही.

'राँग ट्रेन' वर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. सुनेने विचारलं, "राँग म्हणजे कशी? दुसरीकडे जाणारी, की तिकीट न चालणारी?"

"लीड्सला जाणारी."

"पण तुम्ही तर डॉनकॅस्टरला उतरून यॉर्कला गेलात. त्या बाईंनी फलाटावर नेमकं काय सांगितलं होतं?"

मी डोळे मिटून आठवायला लागले. केशरी जॅकेट, गाडीकडे केलेला हात, 'डॉनकॅस्टर', आणि त्याच्या आधी एक शब्द. 'चेंज.' 'चेंज अ‍ॅट डॉनकॅस्टर.' त्यांनी आम्हाला याच गाडीने जा आणि डॉनकॅस्टरला बदला, असं सांगितलं होतं. म्हणजे आम्ही चुकीच्या गाडीत बसलोच नव्हतो. रेल्वेच्या माणसाने दाखवलेल्या, योग्य गाडीत बसलो होतो. पाटीवर लीड्स वाचून घाबरलो आणि न केलेली चूक आधी तोंडी आणि मग लेखी कबूल करून बसलो. हे कळलं तेव्हा मला रडू आलं. पैशांपेक्षा, स्वतःबद्दल खोटी साक्ष दिल्यासारखं वाटलं.

'बॅग वॉज लेफ्ट' मध्ये पुन्हा तेच. 'पिशवी राहिली' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत विचारणार, कुणी ठेवली? हमालाने, कर्मचाऱ्याने, की तुम्ही? इथे चूक खरोखर माझी होती आणि ती लपवायचं काही कारण नव्हतं. 'आय लेफ्ट' असं लिहायला मात्र मला जड गेलं. आपल्याला नम्रपणा म्हणून 'मी' टाळायची सवय असते. तो 'मी' लिहिल्याशिवाय पिशवी शोधणाऱ्या माणसाला काहीच कळणार नव्हतं.

आणि 'ओल्ड सारी बॅग'! जुनी काय, साडी की पिशवी? साडीची पिशवी म्हणजे साडीपासून शिवलेली, की साड्या ठेवायची? त्यांनी साड्यांनी भरलेली बॅग असा अर्थ घेतला, आणि घेणारच. तिकडच्या एखाद्या कपाटात तशी बॅग कुणी शोधली असेल तर ती सापडणं शक्यच नव्हतं.

शेवटच्या ओळीतला 'द सेम' आमच्या कार्यालयीन इंग्रजीचा लाडका शब्द. रिफंड द सेम म्हणजे कशाचा? चष्म्याचा? मूळ तिकिटांचा? नव्या तिकिटांचा? आणि 'डू द नीडफुल' मी हजारो पत्रांत लिहिलं असेल. आपल्या बँकेत तो चालत होता, कारण समोरच्या शाखेला काय करायचं ते ठरलेलं असायचं. इथे जे करायचं ते मलाच सांगायला हवं होतं.

ते सांगायला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, की मला एका गोष्टीची मागणी करायची नव्हतीच. तीन होत्या आणि तिन्हींची दारं वेगळी होती. गाडीत विनाकारण घ्यावी लागलेली तिकिटं, त्यांचा परतावा ज्या कंपनीने ती विकली तिच्याकडे मागायचा. पोहोचायला उशीर झाला त्याची भरपाई वेगळी. तिथे तिला 'डिले रिपे' म्हणतात, आणि ती ज्या कंपनीच्या गाडीमुळे उशीर सुरू झाला तिच्याकडे मागायची, प्रवासाच्या तारखेपासून २८ दिवसांच्या आत. मोजायचं ते शेवटच्या स्टेशनवर किती उशिरा पोहोचलो ते. अर्ध्या तासापासून एका तासापर्यंत एकेरी तिकिटाच्या ५० टक्के, आणि एक तास ओलांडला तर पूर्ण रक्कम. आमची गाडी २७ मिनिटं लेट होती, पण आम्ही यॉर्कला ६५ मिनिटं उशिरा पोहोचलो, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळण्यासारखी होती. आणि तिसरं दार हरवलेल्या वस्तूंचं, तेही केंब्रिजच्या गाडीच्या कंपनीचं. मी तिन्ही गोष्टी एका पत्रात घालून, ज्या कंपनीची गाडी वेळेवर सुटली होती तिला पाठवल्या होत्या. आपल्या रेल्वेत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरताना कारणांची यादी समोर येते आणि त्यातलं एक निवडायचं असतं. तिथल्या या पत्रात रिकामा चौकोन होता आणि तो मला माझ्या वाक्यांनी भरायचा होता.

दुसरा मसुदा मी एकटीने लिहिला आणि तो फार लांब झाला. सिग्नलचा बिघाड, पूल, ह्यांचे गुडघे, माझी घाबरगुंडी, सगळं आलं. सुनेने त्यातल्या तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. एक, 'वी वेअर टोल्ड', आम्हाला सांगण्यात आलं. कुणी सांगितलं? शेजारच्या प्रवाशाने सांगितलं असेल तर त्याला किंमत नाही, कर्मचाऱ्याने सांगितलं असेल तर आहे. दोन, 'व्हेन वी रीच्ड, द ट्रेन लेफ्ट.' मला म्हणायचं होतं, की आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी गेलेली होती. वाक्य म्हणत होतं, की आम्ही पोहोचलो आणि मग ती सुटली, म्हणजे चढायला वेळ होता. 'हॅड लेफ्ट' लिहिल्यावर अर्थ जागेवर आला. एका शब्दाने पाच मिनिटं पुढची मागे होतात. तीन, 'डिलेड टिल २७ मिनिट्स.' 'टिल' म्हणजे अमुक वाजेपर्यंत. मिनिटं मोजायची तर 'बाय' हवा, नाहीतर सरळ 'लेट' म्हणावं.

वेळेबद्दल मुलानेही एक सांगितलं. तिकडे साडेदहाला 'हाफ टेन' म्हणतात. फोनवर बोलताना माझ्या कानाला ते 'दहाला अर्धा कमी' असं लागायचं. लेखी पत्रात म्हणूनच २४ तासांच्या घड्याळाचे आकडे लिहायचे, दोन्ही बाजूंना तेच दिसतात. गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळा तिथे प्रवासानंतरही संगणकावर पाहता येतात. त्याने ११ जूनच्या वेळा काढून दिल्या आणि माझे अंदाजाचे आकडे त्यांच्याशी ताडून घेतले.

तिसऱ्या मसुद्यात एका पत्राची तीन छोटी पत्रं झाली. परताव्याच्या पत्रात असं होतं: 'द ०९.०१ ट्रेन फ्रॉम केंब्रिज वॉज ड्यू अ‍ॅट पीटरबरो अ‍ॅट ०९.५२. इट अराइव्ह्ड अ‍ॅट १०.१९, २७ मिनिट्स लेट. आवर बुक्ड ट्रेन टू यॉर्क हॅड लेफ्ट अ‍ॅट १०.१४.' पुढे, 'अ मेंबर ऑफ स्टाफ ऑन द प्लॅटफॉर्म टोल्ड अस टू टेक द १०.३३ टू लीड्स अँड चेंज अ‍ॅट डॉनकॅस्टर. वी डिड धिस.' मग मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी ओळ: 'आय टोल्ड द टिकेट इन्स्पेक्टर दॅट वी वेअर लेट. आय मेंट दॅट आवर ट्रेन फ्रॉम केंब्रिज वॉज लेट. आय डिड नॉट से धिस क्लिअरली.' ही ओळ घालू नये असं ह्यांचं मत होतं, कशाला आपण होऊन सांगायचं म्हणून. पण त्यांच्या उत्तरात माझंच बोलणं माझ्याविरुद्ध आलं होतं. त्याला टाळून पुढे गेले असते तर दोन पत्रांत दोन गोष्टी सांगणारी बाई झाले असते. शेवटी मागणी: 'प्लीज रिफंड द टू टिकेट्स वी बॉट ऑन द १०.३३.' बस.

पिशवीच्या अर्जात लिहिलं: 'आय लेफ्ट अ क्लॉथ बॅग ऑन द रॅक अबाव्ह माय सीट.' पिशवीचं वर्णन करायला मी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि ती साडी डोळ्यांपुढे आणली. आईने दिलेली होती. हिरवी सुती, लाल काठ, बंदांना पदराचं कापड. 'मेड फ्रॉम अ ग्रीन कॉटन सारी विथ अ रेड बॉर्डर. इट कंटेन्स अ राउंड स्टील बॉक्स ऑफ स्पाइसेस अँड रीडिंग ग्लासेस इन अ ब्राउन केस.' 'स्पेक्टॅकल्स'ही सुनेने बदलायला लावला, तिकडे ग्लासेस म्हणतात. मी म्हटलं, मग त्यांना पाणी प्यायचे पेले वाटतील. म्हणून 'रीडिंग' आणि 'ब्राउन केस' आले.

तेव्हापासून सुनेचा तो 'कुणाला?' माझ्या कानात बसलाय. साताऱ्याला परतल्यावर शेजारच्या वहिनींनी विमान कंपनीला लिहिलेलं पत्र दाखवायला आणलं. मुंबईहून त्यांचं विमान १४ तारखेला रात्री १२.४० चं होतं. ते १४ तारखेच्या रात्री विमानतळावर गेले, आणि विमान आदल्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १४ तारीख लागल्या लागल्या गेलेलं. त्यांनी लिहिलं होतं, 'डेट वॉज राँग.' मी विचारलं, वहिनी, तारीख कुणाची चुकली? तिकिटावरची की तुमची? त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, आमची. मग तसंच लिहिलं, 'वी मिसरेड द डिपार्चर डेट.' पैसे परत मिळाले नाहीत, ते मिळण्यासारखे नव्हतेच. पण त्यांची परतीची तिकिटंही अडकली होती, कारण जातानाच्या विमानाला प्रवासी आला नाही की पुढचे टप्पे बहुतेक वेळा आपोआप रद्द होतात. ती परतीची तिकिटं चालू ठेवा, अशी मागणी त्यांच्या पत्रात कुठेच नव्हती. ती आम्ही पहिल्या ओळीत घातली. 'नेक्स्ट फ्रायडे'ही खोडला. आपल्याकडे येता शुक्रवार आणि पुढचा शुक्रवार वेगळे, इंग्रजी 'नेक्स्ट' मध्ये दोन्ही मावतात. तारीख लिहिली.

माझ्या पत्रांचं उत्तर साधारण दोन आठवड्यांत आलं. नव्या तिकिटांचे सगळे पैसे ह्यांच्या कार्डवर परत जमा झाले. उशिराची भरपाई केंब्रिजच्या गाडीच्या कंपनीने मुलाच्या खात्यात पाठवली, कारण मूळ तिकिटं त्याने काढली होती.

पिशवीचं मात्र काही कळत नव्हतं, आणि मी तिची आशा सोडली होती. आम्ही परत निघायच्या पाच दिवस आधी बर्मिंगहॅमहून एक खोकं आलं. आत माझी पिशवी, घडी घातलेली, आणि तपकिरी डबीत चष्मा. खाण्याच्या वस्तू ते ठेवून घेत नाहीत, त्यामुळे मसाल्याचा डबा नव्हता. पिशवीच्या बंदाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. त्यावर निळ्या पेनाने, गोलसर अक्षरात, तिथल्या कुणीतरी माझ्याच अर्जातली ओळ उतरवली होती: ग्रीन कॉटन सारी, रेड बॉर्डर. मी ती चिठ्ठी सोडली नाही. पिशवी आता सातारच्या घरी दाराच्या खुंटीला असते, चिठ्ठीसकट, आणि बहिणीचा मसाला मी नंतर कुरियरने पाठवला.